मदत हवी आहे: १९८५ च्या इमो-हार्डकोर कार्यक्रमांचे तिकीटदर

वॉशिंग्टन डीसीतल्या १९८५ च्या 'रेव्होल्यूशन समर'वर, म्हणजे तिथल्या हार्डकोर पंकला भावनिक वळण (पुढे त्यालाच 'इमो' म्हणू लागले) देणाऱ्या उन्हाळ्यावर, श्रवणसत्र ठरतंय. राइट्स ऑफ स्प्रिंग आणि एम्ब्रेस हे बँड, दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोरचं निषेधाचं ढोलवादन, नाचातल्या मारामारीला नकार, एवढं जमलंय. अल्पवयीनांच्या प्रवेशाचंही: हातावर काळी फुली मारून आत सोडायचे, ते टीन आयडल्स या त्याआधीच्या डीसी बँडपासून.

अडलंय पैशांपाशी. पाच डॉलरचं तिकीट सर्रास १९८५ ला चिकटवतात. ठोस उल्लेख मात्र फुगाझी या नंतरच्या डीसी बँडचे, म्हणजे १९८७ पासूनचे. (गी पिचोटो आणि ब्रेंडन कँटी राइट्स ऑफ स्प्रिंग आणि फुगाझी या दोन्ही बँडांत, त्यामुळे सरमिसळ होणारच.) नंतरच्या मुलाखती नकोत, गल्लत तिथेच होते. नव्वदीतला मिडवेस्ट इमोही नको.

राइट्स ऑफ स्प्रिंग किंवा एम्ब्रेसच्या कार्यक्रमाचं, दर छापलेलं त्या काळातलं पत्रक किंवा फॅनझीनचं (चाहत्यांनी काढलेल्या छोट्या मासिकाचं) पान कुणी पाहिलंय का? कुठे?