अनुभव धागा: ट्रंकेतल्या कॅसेटी संगणकावर कशा उतरवता?

भारूड, गोंधळ, गावच्या सप्ताहातलं कीर्तन. ह्या कॅसेटींची दुसरी प्रत कुठंच नसते. नेमकी पद्धत लिहा मंडळी.

लातूर:
पत्र्याखाली उन्हाळे काढलेली कॅसेट काढली की लगेच वाजवू नका. उष्णतेनं फितीच्या एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, बुवा बोलायच्या आधीच त्यांचा पुसट आवाज येतो. आधी पूर्ण पुढं आणि परत मागं गुंडाळा, थोडा कमी होतो. आवाज दबका किंवा तुटक येत असेल तर फीत दिसते त्या उघड्या कडेतून बघा, फितीला हेडवर (टेपमधला आवाज वाचणारा भाग) दाबणारा फेल्टचा तुकडा गळालेला असतो. दुसऱ्या कॅसेटीतला बसवा. खोकं चिकटवलेलं असेल तर कडेनं फोडून दोन्ही चकत्या स्क्रूवाल्या खोक्यात घाला. घाईत फीत पिळली तर आवाज उलटा, अस्पष्ट येतो.

परभणी:
टेपची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसू नका दादा. तिथं सिग्नल आणखी वाढवला जातो, आवाज फाटतो, वर बहुतेक वेळा एकच चॅनल मिळतो. लाइन इन (टेपसारख्या यंत्राचा आवाज घ्यायचं भोक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरात 48000 हर्ट्झ, 24 बिट. पातळी निरूपणावर ठरवली की गजर सुरू झाल्यावर सगळं फाटतं, म्हणून टाळ-मृदंग टिपेला असताना काटा उणे 6 डेसिबलवर ठेवा. घूंऽऽ असा आवाज यायला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. अर्थिंग धड नसलेल्या घरात हाच दोष जास्त सापडतो. वीज गेली तरी मग रेकॉर्डिंग निम्मं राहत नाही, टेपला मात्र सेल लागतील.

नांदेड:
हेडजवळचा बारका स्क्रू अगदी किंचित फिरवत झांजेचा आवाज सर्वांत लख्ख येईल तिथं थांबा. हे प्रत्येक कॅसेटीला वेगळं. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल.

अंबाजोगाई:
विकतच्या कॅसेटी उतरवून वाटू नका. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं असतो. 1960 साली प्रसिद्ध झालेलं मुद्रण 2021 पासून मोकळं. अभंग संतांचा असला तरी चाल आणि गाणं ह्यांचे हक्क वेगळे. सप्ताहातल्या मुद्रणासाठी बुवांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा. फुकट गाण्याच्या नावाखाली एपीके (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडूच नका ताई, गाण्याची फाइल एपीके नसते.

बीड:
60 मिनिटांची कॅसेट वरच्या मापानं 1 जीबीच्या आसपास होते, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता लहान होणारी फाइल) केली की साधारण निम्मी. एमपी3 फक्त व्हॉट्सॲपसाठी, मूळ प्रत फ्लॅकच. फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही, फॉरमॅट एक्सफॅट करा. नावात साल, गाव, बुवा, बाजू अ की ब. दोन हार्डडिस्क, दोन घरांत. कॅसेटीच्या मागच्या कडेचे दोन्ही टॅब तोडून ठेवा, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही.