शब्दचर्चा : ‘पाच हजार वर्षांचा ओक’ म्हणावं का?

शेवंती :
एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. आयर्लंड आणि इंग्लंडमधल्या पीटमध्ये (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात) गाडल्या गेलेल्या ओकच्या ओंडक्यांची वाढीची वलयं, आणि त्यांवरून होणारं कालमापन, हा विषय. तिथे या लाकडाला ‘बॉग ओक’ म्हणतात. संपादकांनी ‘जीवाश्म ओक’ सुचवलंय. ‘पीट’ला ‘दलदल’ चालेल का? आणि इंग्लंडमधल्या ईलीच्या कॅथीड्रलमध्ये २०२२ साली १३ मीटर लांबीचं काळंभोर टेबल मांडलं, त्याबद्दल मी ‘पाच हजार वर्षांच्या ओकपासून बनवलेलं’ असं लिहिलंय. ऐकायला भारी वाटतं, पण काहीतरी खटकतंय. (ओक आडनावाच्या मंडळींनी हलकं घ्यावं.)

सुतारपक्षी :
खटकतंय ते योग्यच खटकतंय. ‘ऐंशी वर्षांची आजी’ आणि ‘ऐंशी वर्षांपूर्वीचा फोटो’ यांत आपण कधी घोळ घालत नाही. झाडांच्या बाबतीत मात्र सर्रास घालतो. ‘पाच हजार वर्षांचा ओक’ म्हणजे पाच हजार वर्षं जगलेला ओक. ईलीचा ओक जगला काही शतकं, आणि पडून त्याला सुमारे पाच हजार वर्षं झाली. ‘पाच हजार वर्षांपूर्वीचा’ असं लिहा. एका ‘पूर्वी’ने काम भागतं.

आता जोडीला दुसरी चूक सांगतो, जी वर्तमानपत्रांत कायम दिसते : ‘वलयं मोजून काळ ठरवला’. नुसती मोजून काळ ठरत नाही! मोजून कळतं ते झाड किती वर्षं जगलं एवढंच. ते कोणत्या वर्षांत जगलं हे कळायला वलयं जुळवावी लागतात. ओकमध्ये वसंत ऋतूत मोठ्या नळ्या तयार होतात, उन्हाळ्यात घट्ट लाकूड. चांगल्या वर्षी वलय रुंद, वाईट वर्षी चिंचोळं. रुंद-चिंचोळ्याचा हा क्रम एकाच प्रदेशातल्या झाडांत बराचसा सारखा येतो. आज उभ्या असलेल्या ओकच्या आतल्या वलयांशी जुन्या घराच्या तुळईची बाहेरची वलयं जुळली की साखळी मागे सरकते. तुळईला उत्खननातला खांब, खांबाला पीटमधला ओंडका, असं करत करत जायचं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात माइक बेली, जॉन पिल्चर आणि मंडळींनी हे काम वर्षानुवर्षं केलं. १९८४ मध्ये जर्मन सहकाऱ्यांसोबत त्यांनी ७,२७२ वर्षांची अखंड मालिका प्रसिद्ध केली.

या जुळवण्याला मी ‘ताळा’ म्हणेन. हिशेबात ताळा जमतो किंवा जमत नाही, तसंच इथेही. ‘बहुधा जमला’ म्हणून पुढे गेलं की सगळी साखळी चुकते. ‘आंतरकालनिर्धारण’सारखं काही कृपया नको.

गवताळ :
‘ताळा’ झकास. ‘दलदल’ मात्र पीटला नको. दलदल म्हणजे जिथे पाय रुततो ती जागा. पीट हा पदार्थ आहे. शाळेच्या भूगोलात कोळशाचे प्रकार पाठ केलेत ना? पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट. तेच हे पीट. शब्द मराठी वाचकाला पाठ आहे, तोच ठेवा. आयर्लंडमध्ये ते विटांसारखं कापतात, गोवऱ्यांसारखं रचून वाळवतात आणि चुलीत घालतात. जागेला म्हणायचं असेल तर ‘पीटभूमी’ चालेल.

कोणी ‘खाजण’ सुचवायच्या आत सांगून ठेवतो : मी गोव्याचा आहे, खाजण म्हणजे भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्याची, बांध घालून राखलेली जमीन. उत्तरेतली पीटभूमी बरीचशी पावसाच्या पाण्यावर जगते, वर स्फॅग्नम शेवाळाचा थर, खाली आम्लधर्मी, प्राणवायू जवळजवळ नसलेलं पाणी. लाकूड टिकतं ते याच कारणाने. बुरशीला हवा लागते, ती मिळत नाही. खाजणात हे काहीच नाही.

नदीकाठ :
‘जीवाश्म ओक’ला माझा कडक विरोध. जीवाश्म म्हटलं की वाचकाला दगड दिसतो. हे लाकूड अजून लाकूडच आहे. करवतीने कापलं जातं, रंधा मारता येतो, वाळलं की जळतं. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पीटमधल्या पाइनच्या राळयुक्त ढलप्या पूर्वी दिव्यासारख्या पेटवत. काळा रंग येतो तो ओकमधल्या टॅनिनची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडून. दगड झाल्याने नव्हे.

मी बेलफास्टजवळ काही वर्षं राहिलो, तेव्हा एका प्रयोगशाळेत नमुना तयार करताना पाहिलाय. ओंडक्याची चेनसॉने कापलेली चकती, ओली आणि जड. ती आधी गोठवली. ओलं लाकूड इतकं मऊ झालेलं असतं की नुसतं पातं चालवलं तर नळ्या चेपतात आणि कडा दिसेनाशा होतात. गोठल्यावर धारदार पात्याने गाभ्यापासून कडेपर्यंत एक अरुंद पट्टी तासली. काळ्या पृष्ठभागावर वसंतातल्या नळ्यांच्या भोकांच्या रांगा एकदम वर आल्या. मग चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकत्या पाटावर ठेवायची आणि एका रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंतचं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवायचं. दगडाला हे लाड कोण करेल?

साधं ‘पीटमधला ओक’ म्हणा. ‘दलदलीतला ओक’ म्हटलं तर अशी जात असावी असं वाटतं. इंग्लंडच्या फेन्स या सखल, पाणथळ प्रदेशातले सरळसोट ओक चांगल्या जमिनीवरच्या दाट रानात वाढले. पाणी चढलं, तेव्हा मेले आणि गाडले गेले. आयर्लंडमधले पुष्कळसे मात्र खरंच पीटवर उगवले होते, हे खरं.

शेवंती :
खूप मदत झाली. ‘जीवाश्म’ काढते, संपादकांशी मी बोलेन. आता एक नवीनच अडचण. एका ठिकाणी तारीख ‘इ.स.पू.’मध्ये आहे, दुसरीकडे ‘बीपी’मध्ये (बिफोर प्रेझेंट, म्हणजे ‘आजच्या आधी’). दोन्हींना ‘वर्षांपूर्वी’ केलं तर?

सुतारपक्षी :
नका करू. बीपीमधला ‘आज’ म्हणजे १९५० साल. किरणोत्सर्गी कार्बनवरून वय काढणाऱ्यांनी तो तिथेच खिळवून ठेवलाय. शिवाय कार्बनची कच्ची वर्षं आणि पंचांगाची वर्षं सरळ जुळत नाहीत. ती दुरुस्त करायला वर्षागणिक ओळखता येणारं लाकूड लागतं. बेलफास्टच्या ओकचं मोठं योगदान तिथेच आहे. कच्चा आकडा असेल तर ‘कार्बन-वर्षं’ असं स्पष्ट लिहा.

आणि इ.स.पू.मध्ये शून्य साल नाही. आयरिश मालिका इ.स.पू. ५२८९ पासून १९८३ पर्यंत. नुसती बेरीज करा, ७,२७२ येतात. शून्य साल धरलंत तर एक वर्ष उगाच वाढेल.

गवताळ :
वर्षाचा हा काटेकोरपणा मोठा आहे हो. आयर्लंडच्या लाँगफर्ड परगण्यात कॉर्लीला पीटमध्ये ओकच्या फळ्यांचा रस्ता सापडला, त्याचे ओक इ.स.पू. १४८ मध्ये तोडलेले. इंग्लंडच्या सॉमरसेटमधली ‘स्वीट ट्रॅक’ ही पायवाट तर इ.स.पू. ३८०७-०६ च्या हिवाळ्यात तोडलेल्या लाकडांची. ऋतूसकट! ती १९७० मध्ये रे स्वीट नावाच्या पीट कामगाराला सापडली, नाव त्यांचं. ‘गोड पायवाट’ असा अनुवाद कुणी करू नये म्हणून सांगितलं.

शेवंती :
म्हणजे बाहेरचं शेवटचं वलय हेच झाड पडल्याचं वर्ष, असं लिहू?

नदीकाठ :
झाडाची साल शिल्लक असेल तरच. पीटमधल्या ओंडक्यांचं सालीखालचं फिकट लाकूड, पुस्तकी शब्द ‘रसकाष्ठ’, बहुतेकदा कुजून गेलेलं असतं. आयरिश ओकमध्ये ते सुमारे ३२ वलयांचं धरतात, नऊ इकडे-तिकडे. ते सगळं गेलेलं असेल तर ‘इ.स.पू. अमुकनंतर साधारण तीसेक वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा’ असं लिहावं लागतं. शिवाय रस्त्याच्या फळीला ‘तोडलं’ म्हणा, पण पीटमधल्या ओंडक्याला ‘मेलं’. तिथे कुऱ्हाड नव्हती, पाणी वाढलं होतं.

वैदर्भीय :
उशिरा आले. आपल्याकडे पीटमधल्या ओकची अशी मालिका नाही, पण वलयांचा अभ्यास आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या अभ्यासकांनी केरळातल्या सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका जुळवली आहे, पावसाच्या अभ्यासासाठी. सागालाही ओकसारख्याच नळ्यांच्या रांगा असतात. उष्ण कटिबंधातली पुष्कळशी झाडं इतकी स्पष्ट वलयं देत नाहीत, तेव्हा लेखात ‘प्रत्येक झाडाला दरवर्षी एक वलय’ असं सरसकट वाक्य असेल तर ते काढा.

आणि ‘चिंचोळी वलयं म्हणजे ज्वालामुखी’ असंही लिहू नका. इ.स.पू. १६२८ च्या आसपास आयरिश ओकची वलयं आक्रसली, तेव्हा ती ग्रीसमधल्या सँटोरिनी ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या नावावर टाकली गेली होती. पुढे ध्रुवीय बर्फातल्या राखेच्या तपासणीवरून त्या वर्षीचा उद्रेक अलास्कातल्या अनियाकचाक ज्वालामुखीचा ठरला. वलयं वर्ष सांगतात, गुन्हेगार नाही. ‘त्या वर्षी वाढ खुंटली’ एवढंच क्रियापद वापरा, कारण पुढच्या वाक्यात वेगळं लिहा.