रातांबे (कोकमाची फळं) भरपूर लागलेत, काय काय करू?

वेंगुर्लेकरीण: घरामागचं रातांब्याचं झाड यंदा नुसतं लगडलंय, पावसाच्या आत काय करता येईल? आईला पित्ताचा त्रास आहे, तिला चालेल?

मालवणची काकू: अगं सालं काढ, गराच्या रसात मीठ घालून बुडव, उन्हात वाळव, परत बुडव, असं करत आमसुलं काळीभोर होतात. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतो आम्ही, पण छातीत सारखं जळजळत असेल तर आधी डॉक्टरांना दाखव.

कुडाळकर: बिया प्लीज टाकू नका!! वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल येतं, थिजल्यावर हाताने वळतात, तेच मुठेल. टाचांच्या भेगांना कोमट करून लावा.

मालवणची काकू: हो, आणि आगळात, म्हणजे सोलकढीला वापरतो त्या रातांब्याच्या खारवलेल्या रसात, मीठ खूप असतं, बीपी असेल तर सोलकढी बेतानेच.