न्यूजीन्सचं ‘अटेंशन’: न ओरडता लक्ष वेधलं, की तोच धंदा नव्या कपड्यांत?

मंद्रसप्तक | ६ ऑगस्ट २०२२

पंधरा दिवस झाले, गाणं डोक्यातून उतरत नाही, म्हणून धागा काढतेय.

२२ जुलैला कोरियात मुलींचा एक नवा ग्रुप आला, न्यूजीन्स नावाचा. आला म्हणजे अक्षरशः दार न वाजवता घरात शिरला. के-पॉपमध्ये पदार्पणाचं एक ठरलेलं कर्मकांड असतं. आधी लोगो, मग एकेका मुलीचा फोटो, मग पंधरा सेकंदांची झलक, मग उलटी मोजणी. गाणं येईपर्यंत अर्धा उत्साह संपलेला असतो. इथे काहीच नाही. मुलींची नावंसुद्धा जाहीर केलेली नव्हती. थेट ‘अटेंशन’चा व्हिडिओ. नंतर दोनतीन दिवसांत ‘हाइप बॉय’ आणि ‘हर्ट’, १ ऑगस्टला ‘कुकी’. चार गाणी, संपला अल्बम.

मुली पाच. मिनजी, हानी, डॅनिएल, हेरिन, हेइन. हानी आणि डॅनिएल ऑस्ट्रेलियात वाढलेल्या. कंपनीचं नाव अडोर, ती हाइबची (म्हणजे बीटीएसवाल्यांची) शाखा. सूत्रं मिन ही-जिन यांच्याकडे. या बाई आधी एसएम या कोरियातल्या बड्या संगीत कंपनीत कलादिग्दर्शक होत्या. गर्ल्स जनरेशन आणि एफएक्स या तिथल्या मुलींच्या ग्रुपच्या काळात एसएमच्या अल्बमांचं जे देखणं रूप होतं, त्यात त्यांचा मोठा हात.

आता गाण्याबद्दल. मी गर्ल्स जनरेशनच्या २००९ च्या ‘जी’ गाण्यापासून के-पॉप ऐकते. गेली काही वर्षं मुलींच्या ग्रुपचं गाणं म्हणजे रणगाडा झालंय. ब्लॅकपिंकनंतर सगळ्यांनाच चामड्याची जाकिटं आणि कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर हवी असते. फेब्रुवारीत एनमिक्स या मुलींच्या ग्रुपचं ‘ओ.ओ’ आलं, त्यात एका गाण्यात दोनतीन गाणी कोंबलेली. ऐकून झाल्यावर बसमधून उतरल्यावर पाय डगमगतात तसं झालं.

‘अटेंशन’मध्ये असलं काही नाही. टाळ्या, हलकासा ठेका, आवाजाचे एकावर एक थर. रॅप नाही. मध्येच सगळं थांबून ‘आता बघा’ म्हणणारा स्फोट नाही. गळ्याच्या शिरा ताणून लावलेला वरचा सूरही नाही. नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन आर अँड बीचा वास येतो, पण शिळा नाही. संगीतकार २५० (नाव आकड्यांतच लिहितात, उच्चार ई-ओ-गोंग). गंमत म्हणजे याच माणसाने यंदा मार्चमध्ये ‘पोंग’ नावाचा अल्बम काढलाय. आपल्याकडच्या एसटी स्टँडवरच्या कॅसेटसारखं जे जुनं पोंगज्जाक संगीत हायवेवर विकलं जायचं, त्याचा शोध घेणारा. असा माणूस पोरींच्या गाण्याला बसवणं हीच मुळात हुशारी.

व्हिडिओ स्पेनमधला. सुरुवातीला एका परक्या बँडचा कार्यक्रम चालू आहे, या मुली गर्दीत आहेत, आणि बघता बघता मंच यांचा होतो. पुढे ऊन, रस्ते, लांब मोकळे केस, धावपळ. नाचातही कवायत नाही. पाचजणी एकच गोष्ट करतात, पण प्रत्येकीचा हात थोडा वेगळा पडतो. मला ते फार आवडलं.

साडेचार तारे. ‘कुकी’ मला रुचलं नाही. चाल झकास आहे, शब्दांचं काहीतरी खटकतंय.

खारीबिस्कीट | ६ ऑगस्ट २०२२

ताई, आठ दिवस मी हेच मैत्रिणींना सांगतेय!! पण तुम्ही ‘हाइप बॉय’ला एका ओळीत उडवलंत, हा घोर अन्याय आहे. त्याचे व्हिडिओ एकाहून जास्त आहेत, वेगवेगळ्या मुलींच्या नजरेतून. आमच्या कॉलेजच्या जिन्याखाली चौघी रोज त्याच्या स्टेप्स बसवतायत. वॉचमन काकांनाही आता हात कधी वर जातो ते पाठ झालंय.

कोपरखळी | ७ ऑगस्ट २०२२

मंद्रसप्तक, लेख छान, निष्कर्ष भाबडा.

‘दार न वाजवता आला’ म्हणताय. हाइबसारख्या कंपनीच्या पोटातून निघालेला ग्रुप! टीझर नाही हाच टीझर. श्रीमंताघरच्या लग्नात पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापतात ना, तसं. साधेपणा परवडायलाही ऐपत लागते. एखाद्या लहान कंपनीने नावं न सांगता व्हिडिओ टाकला असता, तर तुम्हाला तरी कळलं असतं का?

आणि ते ‘नैसर्गिक’. लांब केस, मेकअप नसल्यासारखा मेकअप, पाचजणींचा हात थोडा थोडा वेगळा पडणं. ते सगळं बसवलेलं आहे हो! वर्षानुवर्षं प्रशिक्षण घेतलेल्या मुलींचा हात चुकून वेगळा पडत नाही. रणगाड्याच्या जागी सायकल आणलीय, पण चालवणारी फॅक्टरी तीच.

गाणं? बरं आहे. केस कापताना मागे लावायला उत्तम.

नाखवा | ७ ऑगस्ट २०२२

मी के-पॉपमधला नाही, मुलगी ऐकते म्हणून कानावर पडतं. सतरा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय, तेवढ्या अधिकाराने दोन शब्द.

मला हे गाणं अर्धवट वाटलं. ध्रुवपद येतं, जातं, परत येतं. प्रत्येक वेळी वाटतं आता उचलणार, आणि उचलतच नाही. समेवर यायच्या आधीच हात झटकून निघून जातं. तीन मिनिटं झाली की संपलं! मुलीला म्हटलं, ही तर गाण्याची पूर्वतयारी झाली, गाणं कुठाय? तिने हेडफोन लावले.

मंद्रसप्तक | ७ ऑगस्ट २०२२

नाखवा, मुलीचं उत्तर मला मान्य आहे. :)

पण खरंच सांगते, तुम्ही ज्याला अर्धवट म्हणताय तोच त्याचा जीव आहे. प्रत्येक गाण्याने उचलायलाच हवं का? घरात कुणी काम करताना गुणगुणतं, तेव्हा आपण टाळ्यांची वाट बघत नाही. एकदा हेडफोनवर ऐका आणि मुख्य आवाज सोडून फक्त मागचे थर धरा. कोरसमध्ये आवाज एकमेकांवर जसे बसवलेत, ती कारागिरी ऑर्केस्ट्रावाल्याला नाही दिसणार तर कुणाला?

कोपरखळी, आहेराचं उदाहरण चोरून ठेवतेय. पण फॅक्टरी तर सगळीकडेच आहे. जुन्या स्टुडिओतली आपली गाणीही कुणीतरी महिनाभर बसवलेलीच असायची. बसवलेलं आहे म्हणून खोटं, हे काही मला पटत नाही. बसवलेलं दिसू न देणं ही जगातल्या कुठल्याही नाचात वरची पायरीच मानतात.

दोन_मुलींची_आई | ८ ऑगस्ट २०२२

कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. हेइन एप्रिल २००८ ची आहे. म्हणजे चौदा. कोरियन गणतीने पंधरा धरा हवं तर. पाचातली सगळ्यात मोठी अठराची.

माझी थोरली चौदाची आहे. काल तिने हा व्हिडिओ दाखवला आणि मला आवडला, हे कबूल करते. मग वय कळलं आणि पुन्हा बघितला. दुसऱ्यांदा तोच व्हिडिओ राहिला नाही. हेइनने दहावीच्या आधी जगभरच्या अनोळखी माणसांसमोर आपण कशा दिसतो याचा हिशोब ठेवायचा, हे मला गाणं कितीही गोड असलं तरी पचत नाही.

खारीबिस्कीट | ८ ऑगस्ट २०२२

काकू, पण आपल्याकडे लिटिल चॅम्प्स घरोघरी बघितलं गेलं ना? त्यातली मुलं तर अजून लहान होती, आणि गाणी मोठ्यांची. माझी आजी डोळे पुसत बघायची म्हणे. तेव्हा कुणी वय विचारलं नाही.

दोन_मुलींची_आई | ८ ऑगस्ट २०२२

विचारायला हवं होतं. मीही पुसलेत डोळे तेव्हा, एसएमएसही पाठवलेत. पण ती मुलं कार्यक्रम संपल्यावर शाळेत परत गेली. ही मुलगी आता वर्षानुवर्षं कराराने बांधलेली आहे. फरक आहे बाळा.

सुवॉनकर | १० ऑगस्ट २०२२

नोकरीनिमित्त चार वर्षं इथे कोरियात, सुवॉनमध्ये आहे, म्हणून थोडी माहिती. इथे कायद्याने पंधरा वर्षांखालच्या कलाकाराला आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, त्यावरच्या अल्पवयीनांना ४० तास. रात्री दहानंतरही बंधन आहे. म्हणूनच पुरस्कार सोहळ्यांत ग्रुपमधली सगळ्यात लहान मुलं दहा वाजले की मंचावरून गायब होतात. कायदा आहे. सरावाचे तास कोण आणि कसे मोजतं, हा प्रश्न आहेच.

बाकी गाण्याचं म्हणाल तर सुटका नाही. ऑफिसखालचा कॅफे, मोबाइलचं दुकान, सलून (कोपरखळी, तुमचं भाकीत खरं ठरलं), सगळीकडे ‘अटेंशन’. एरवी मुलींच्या ग्रुपची गाणी माझ्या टीममधली चाळिशीची माणसं ऐकत नाहीत. हे ऐकतात. त्यांच्या शाळेच्या दिवसांतलं काहीतरी त्यांना त्यात सापडतं, आणि त्यांच्या मुलींना ते अगदी नवं वाटतं. दोन पिढ्यांचे पैसे एकाच गल्ल्यात.

कोपरखळी | १० ऑगस्ट २०२२

शेवटचं वाक्य मी लिहायला हवं होतं.

नाखवा | ११ ऑगस्ट २०२२

मंद्रसप्तक, हेडफोनवर ऐकलं. मुलीचेच मागून घेतले. मागच्या थरांचं काम चोख आहे, शब्द परत घेतो. दुसऱ्या कडव्यात एक आवाज खाली सरकतो तिथे दोनदा मागे नेऊन ऐकलं. तरीही मला सम हवी. वयाचा दोष असेल.

सुवॉनकर | १६ ऑगस्ट २०२२

ताजी खबर. अल्बमच्या प्रती ८ तारखेला बाजारात आल्या आणि पहिल्याच आठवड्यात तीन लाखांवर विकल्या गेल्या. मुलींच्या कुठल्याही ग्रुपच्या पहिल्या अल्बमला इतक्या प्रती पहिल्या आठवड्यात आजवर गेल्या नव्हत्या. त्यात एक आवृत्ती गोल पिशवीत येते, खांद्याला अडकवायची, आत सीडी. सीडी वाजवायचं यंत्र इथे तरी कुणाकडे उरलंय? पण पिशवीसाठी रांग. सोलमधल्या येओइडोच्या मॉलमध्ये दुकान थाटलंय, शनिवारी बायकोसोबत गेलो आणि रांग बघूनच नूडल खाऊन परत आलो.

कोपरखळी | १६ ऑगस्ट २०२२

पिशवी विकली, सीडी फुकट. आणि तुम्ही थरांवर चर्चा करताय.

खारीबिस्कीट | १६ ऑगस्ट २०२२

सुवॉनकर काका, भारतात येताना एक पिशवी... काळी चालेल... मी पैसे देईन...

दोन_मुलींची_आई | २८ ऑगस्ट २०२२

धागा वर आणतेय, कारण ‘कुकी’चं प्रकरण आता सगळीकडे गाजतंय. इंग्रजी बोलीभाषेत त्या शब्दाला जो दुसरा, अश्लील अर्थ आहे, तो धरला तर सगळे शब्द अल्पवयीन मुलींच्या तोंडी भलतेच वाटतात, ही तक्रार. काल कंपनीने भलंमोठं निवेदन काढलंय. त्यांचं म्हणणं, कोरियन भाषेत सीडीवर गाणी उतरवण्याला ‘सीडी भाजणं’ म्हणतात, तर भाजलेली सीडी म्हणजे कुकी. आम्ही आमचं संगीत लोकांना खाऊ घालतोय, एवढाच अर्थ.

मंद्रसप्तक, तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं होतं ‘काहीतरी खटकतंय’. काय खटकलं होतं ते मोकळेपणाने लिहा की.

सुवॉनकर | २८ ऑगस्ट २०२२

भाजण्याचं खरं आहे. इथे तोच शब्द वापरतात, पोळी भाजायचा आणि सीडी बनवायचा एकच. माझ्या कोरियन सहकाऱ्यांच्या डोक्यात दुसरा अर्थ आलाच नव्हता, बाहेर बोंब झाल्यावर कळला.

कोपरखळी | २८ ऑगस्ट २०२२

तुमच्या सहकाऱ्यांना नसेल कळला. पण जगभर विकायचं म्हणून अर्धं गाणं इंग्रजीत लिहिता, ग्रुपमध्ये ऑस्ट्रेलियात वाढलेल्या दोन मुली आहेत, आणि अख्ख्या इमारतीत एकालाही तो अर्थ माहीत नव्हता? परदेशी गिऱ्हाईक हवं, त्याची बोली नको, असं कसं चालेल?

मंद्रसप्तक | २९ ऑगस्ट २०२२

विचारलंत म्हणून सांगते. मला तो दुसरा अर्थ पहिल्याच फेरीत ऐकू आला होता. लिहिला नाही, कारण लिहिला असता तर अख्खा धागा त्यावरच गेला असता आणि ‘अटेंशन’बद्दल बोलायचं राहिलं असतं. आता वाटतंय, मी सोयीचं तेवढंच लिहिलं. कंपनीवर टीका करायचा हक्क त्यामुळे थोडा कमी होतो माझा.

निवेदन वाचलं. भाजण्याचं स्पष्टीकरण खोटं वाटत नाही, व्हिडिओतही सीडी आणि कुकीचाच खेळ आहे. पण कुणी आक्षेप घेतला की पाच परिच्छेद समजावून सांगावे लागतात, याचा अर्थ ओळ फसली. पंचविशीतल्या गायिकेने म्हटलं असतं तर मी खुदकन हसले असते. इथे हसू आलं नाही.

पण ‘अटेंशन’चे तारे मी कमी करणार नाही. एका अल्बममध्ये एक सुंदर गाणं आणि एक फसलेलं असू शकतं. फक्त आता ‘अटेंशन’ लावलं की चौदा हा आकडा सोबत येतो. ते, आई, तुमचं देणं. आभार मानू की भांडू, कळत नाही.

दोन_मुलींची_आई | २९ ऑगस्ट २०२२

भांडा. आमच्याकडे सकाळपासून तेच चाललंय. थोरलीने ‘कुकी’ यादीतून काढून टाकलं, मी सांगायच्या आधी, आणि वर मला म्हणाली, “तुला काय वाटलं, मला कळत नाही?” आता ‘हाइप बॉय’ चालू आहे. धाकटी साडेआठची, तिला स्टेप्स येतात.

खारीबिस्कीट | २९ ऑगस्ट २०२२

काकू, तिचा व्हिडिओ टाका ना!

दोन_मुलींची_आई | २९ ऑगस्ट २०२२

नाही.