चावरा अजगर दत्तक घ्यावा की नाही?

रानवाट:
माझ्याकडे सहा वर्षांपासून एक कॉर्न स्नेक (बिनविषारी पाळीव साप) आहे आणि त्याला हातात घेताना मला आजवर कधी धास्ती वाटलेली नाही. आता एका परिचितांना त्यांच्याकडची चार वर्षांची कार्पेट पायथन (अजगराची एक जात) मादी दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवायची आहे, कारण गेल्या वर्षभरात ती त्यांना तीन वेळा चावली आणि घरातले कुणीच आता पेटीचे दार उघडायला धजत नाही. तिची लांबी अंदाजे पावणेदोन मीटर आहे. परवा मी तिला पाहून आले. पेटी चारही बाजूंनी काचेची असून दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलेली आहे. लपायला आत एकच खोपटे आहे आणि तेही इतके लहान, की तिचे अर्धे अंग बाहेरच राहते. मी समोर उभी राहताच तिने मान मुरडून मागे घेतली, फुत्कार टाकला आणि थेट काचेवर झडप घातली. काचेवर तिच्या तोंडाचा ओला ठसा उमटला. तसेच वाळलेले चार-पाच ठसे तिथे आधीपासूनच होते.

ते ठसे पाहून मला वाईट वाटले आणि तिला त्याच क्षणी घरी आणावे असे मनात आले, म्हणूनच स्वतःवर विश्वास न ठेवता इथे विचारते आहे. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. परिचितांच्या मते तिचा स्वभावच आक्रमक आहे. असा साप पुढे शांत होतो का, आणि नाही झाला तर त्याला सांभाळणे शक्य असते का?

जुनी कात:
‘आक्रमक’ हा शब्द आधी बाजूला ठेवा, कारण त्यातून काहीच कळत नाही. साप चावतो ते बहुतेक वेळा भीतीने किंवा भुकेने, आणि या दोन चाव्यांची लक्षणे अगदी निराळी असतात. घाबरलेला साप मान मुरडतो, फुत्कारतो, झटकन डसतो आणि लगेच सोडून मागे सरकतो. भक्ष्य समजून चावलेला साप मात्र आधी फारसा इशारा देत नाही, तोंडात आलेले सोडत नाही आणि हाताला वेटोळे घालतो. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. त्यामुळे दार फक्त उंदीर देण्यासाठीच उघडले जात असेल, तर संध्याकाळी आत येणारा उबदार हात तिच्या दृष्टीने उंदीरच ठरतो. म्हणून परिचितांना एवढेच विचारा, की चावल्यावर तिने सोडले की धरून ठेवले, आणि ती वेळ कोणती होती.

भुकेपोटी चावण्याची सवय मोडणे तुलनेने सोपे असते. दार उघडल्यावर हात आत घालण्याआधी साप उचलण्याच्या आकड्याच्या बोथट टोकाने तिच्या अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे आज खाणे नाही हे काही आठवड्यांत तिला उमगू लागते. भीतीला वेळ लागतो. तीन बाजूंच्या काचा झाका, उबदार आणि थंड अशा दोन्ही टोकांना अंग घट्ट मावेल अशी एकेक लपण्याची जागा द्या आणि चढायला जाड फांद्या लावा, कारण ही जात बराच वेळ झाडावर काढणारी आहे. ऊन शेकण्याच्या जागी साधारण ३१–३२ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ते थर्मोस्टॅटनेच राखावे. नव्या घरी आणल्यावर किमान आठ-दहा दिवस तिला हातही लावू नका. तुम्ही वर्णन केलेल्या पेटीत तर माझा सर्वांत गरीब सापही डसायला लागला असता.

उंबरठा:
वरचे सगळे पटते, तरीही मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे, कारण असाच एक अजगर मी दयेपोटी आणला होता आणि दीड वर्षाने परत दुसऱ्याकडे सोपवला. तो निवळला नाही, असे नाही; मीच त्याला टाळू लागलो. चाव्याची भीती एकदा मनात बसली की आपण पाणी बदलायला उशीर करतो, विष्ठा काढणे उद्यावर ढकलतो, आणि प्राण्याचे हाल सुरू होतात ते नेमके तिथून. ही जात विषारी नाही, पण तिचे दात मागे वळलेले असतात आणि घाबरून हात ओढला की जखम फाटते. हात स्थिर ठेवून तिच्या तोंडाजवळ थंड पाणी ओतायचे आणि वेटोळे शेपटीकडून उलगडायचे, हे ऐन वेळी सुचेल का, याचे प्रामाणिक उत्तर स्वतःला द्या. कार्पेट पायथन वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. तुमचा मुलगा तोवर कॉलेजात गेलेला असेल.

मुलाबद्दल तर तडजोड नकोच. पाच वर्षांखालील मुलांचा सरपटणाऱ्या प्राण्यांशी संपर्क येऊ नये, असा अमेरिकेतील सीडीसी या आरोग्यसंस्थेचा सल्ला आहे, आणि तो चाव्यामुळे नसून साल्मोनेला जिवाणूंमुळे आहे. हा सल्ला तुमच्या गरीब कॉर्न स्नेकलाही लागू आहे. वेगळी खोली आणि पेटीला कुलूप या दोन गोष्टी जमणार नसतील, तर पुढचा विचारच करू नका.

खवल्याआड:
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली. चिडका साप कधीकधी आजारी असतो. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, त्या दिवसांत तर चांगला सापही डसतो. पण त्याखेरीज खवल्यांखाली मिरीच्या कणांसारखे माइट्स (रक्त पिणारे बारीक परजीवी), तोंडाच्या कडेला सूज, श्वासाबरोबर येणारा चिकट स्राव किंवा बुडबुडे हे सगळे पाहून घ्या. अजगरांमध्ये निडोव्हायरसमुळे श्वसनाचा आजार होतो आणि तो तुमच्या दुसऱ्या सापापर्यंतही पोहोचू शकतो. तेव्हा स्वभावाची परीक्षा नंतर, आधी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची तपासणी. त्यानंतरही किमान तीन महिने विलगीकरण, वेगळा चिमटा, वेगळे भांडे, आणि तिची साफसफाई रोज सर्वांत शेवटी.

रानवाट:
तिघांचेही आभार. काल पुन्हा जाऊन आले. तीनपैकी दोन चावे संध्याकाळचे होते आणि दोन्ही वेळा तिने हात धरून ठेवला होता. तिसऱ्या वेळी तिचे डोळे दुधाळ झाले होते, हे परिचितांना विचारल्यावर आठवले. मी आकडा सोबत नेला होता. पहिल्या स्पर्शाला ती आकड्यावर धावली, दुसऱ्याला थबकली, आणि चौथ्या-पाचव्या वेळी जीभ सावकाश बाहेर काढून त्याचा वास घेत राहिली. मी खुशीत येऊन तिला आकड्यावर उचलले, तेव्हा डोके माझ्या कानाच्या उंचीला आले आणि प्रत्येक श्वासाबरोबर बारीक टकटक ऐकू आली. खाली ठेवल्यावर ओठांच्या कडेला एक बुडबुडा फुगून फुटला.

आता तिला थेट घरी आणण्याचा प्रश्नच उरला नाही. परिचित तपासणीला तयार आहेत आणि येत्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. माझ्याकडे वापरात नसलेली एक लहान खोली आहे, तिला कुलूप लागते. परंतु निडोव्हायरस निघाला, तर तिने आहे तिथेच राहावे आणि मी तिथे जाऊन पेटी नीट लावून द्यावी, उपचारात हातभार लावावा, असे ठरवले आहे. कॉर्न स्नेकला हात लावण्याआधी कालचे कपडे धुवायला टाकले आणि हात साबणाने दोनदा धुतले. आकडा अजून बाहेरच ठेवला आहे.

खवल्याआड:
आकडाही जंतुनाशकाने स्वच्छ करूनच आत घ्या. मंगळवारी तिला कापडी पिशवीत घालून पिशवीचे तोंड गाठीने बांधा आणि ती पिशवी हवेची छिद्रे असलेल्या कडक डब्यात ठेवा. श्वसनाचा त्रास असताना थंडी लागणे वाईट, म्हणून वाहन आधी उबदार करून घ्या. तिला आदल्या दोन-तीन दिवसांत खायला घालू नये, हे परिचितांना आजच सांगा; बहुतेक लोक प्रवासापूर्वी ‘पोट भरून’ पाठवतात आणि साप वाटेत सगळे ओकून टाकतो. तोंडातील स्रावाचा नमुना तपासायला पाठवा, असे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जुनी कात:
आणि काचेला आजच जुनी चादर लावायला सांगा. त्यासाठी मंगळवारची वाट पाहायची गरज नाही.