ईस्टरची पहाट, बडोदा

ईस्टरची, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाची, तारीख दरवर्षी का बदलते, असा प्रश्न पडतो. चर्चच्या गणितानुसार २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार धरतात. म्हणून २०२४ मध्ये ३१ मार्च, तर २०२५ मध्ये २० एप्रिल. ईस्टरसोबत येणारी वसंताची गुलाबी वर्णनं युरोपातली हो. बडोद्यात तोवर ऊन चटके देतं, पालवी काय ती कडुनिंबाला! मैदानातल्या पहाटेच्या उपासनेत पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणतात, ‘प्रभू उठला आहे’, मंडळी एका सुरात, ‘खरोखर उठला आहे!’ मग आजारी, परीक्षेला बसलेली मुलं, नोकरी गेलेले, एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना. मला आशा त्या नावांत जास्त दिसते. प्रवचन मात्र आटोपशीर हवं, आठनंतर मैदानात बसवत नाही.