मदत हवी आहे: प्रौढ साक्षरता वर्गात मोबाईल नेमका कसा वापरावा?

नमस्कार मंडळी. 'उल्लास' या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून गावातल्या बायकांना शिकवते. बहुतेकजणी पन्नाशीपुढच्या, जेवणं उरकून येतात. अ‍ॅपवरचा व्हिडिओ लावला की सगळ्या माना डोलावतात, पण दुसऱ्या दिवशी 'घ' आणि 'ध' एकच! म्हणून आता दोन मिनिटांत व्हिडिओ थांबवते, पाटीवर आठवून लिहायला लावते आणि तेच अक्षर आठवड्याने परत विचारते. याने फरक पडतोय. हिशोबाचं विचारूच नका. भाजी विकणारीचा तोंडी हिशोब माझ्यापेक्षा पक्का, अडतं ते फक्त हातचा मांडताना.

खरी अडचण लेखनाची. परीक्षा 150 गुणांची; वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50. शेतात राबून बोटं इतकी राठ झालीत की स्क्रीनवर गिरवलेलं उमटतच नाही. स्वस्तातला स्टायलस (स्क्रीनवर लिहायचं पेन) कुणी वापरलाय का? की पाटीच बरी?

आणि एक, नेटशिवाय चालणारं, वाचन रेकॉर्ड करून ऐकवता येईल असं काही सुचवा. एसटीच्या पाट्या, रेशनच्या पावत्या यांवरून कुणी धडे केले असतील तर प्लीज इथेच टाका. लहान मुलांच्या बडबडगीतांचे व्हिडिओ मात्र नकोत, बायका लाजतात.